डबीच्या बुडावरची दोन अक्षरं

माझ्याकडे चांदीची एक डबी आहे. वीतभर लांब, चार बोटं रुंद, आतून कुठल्याशा सुवासिक लाकडाची. पाहुणे ती सहज उचलायला जातात आणि वजनानं दचकतात. तिचे दोन कोपरे चेपलेले आहेत. पहिला कोपरा माझ्या बापाच्या कपाळावर चेपला, माझ्याच लग्नाच्या मांडवात. दुसऱ्याचं पुढं येईल. ते सांगताना मला लाज वाटणार नाही, एवढं आधीच सांगून ठेवते, कारण ऐकणारे नेमके तिथंच डोळे वटारतात.

डबीच्या झाकणावर एक गोल कडं कोरलेलं आहे आणि कड्यात तीन पानं, देठाला देठ लावून. बुडाशी दोन अक्षरं ठोकलेली आहेत. ती बाळबोध नाहीत, मोडी नाहीत, इंग्रजी नाहीत, उर्दूही नाहीत. काड्या मोडून एकीवर एक रचाव्यात तशी दिसतात. शेजारी नखाएवढ्या चौकटीत आणखी काही बारीक खुणा आहेत, त्या भिंग लावूनही मला कधी उमगल्या नाहीत. या अक्षरांपायी माझ्या बापाचं डोकं फुटलं, त्याच्या हातचा वजनकाटा गेला आणि मी वर्षानुवर्षं चोराची लेक म्हणून नांदले.

माझा बा वाशिमला एका जिनात काट्यावर होता. जिन म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना. हंगामात खेड्याखेड्यांतून कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, यायच्या, फाटकाबाहेर रात्रभर मुक्काम करायच्या आणि सकाळी काट्याशी एकच झुंबड उडायची. काट्यावरच्या माणसानं शिव्या खायच्या, हे ठरलेलंच. माप कमी भरलं की शेतकऱ्याला वाटायचं यानं मारलं, जास्त भरलं की मालकाला वाटायचं यानं खाल्लं. एकदा एका गाडीवानानं बैल हाकायची टोकदार तुतारी बाच्या दंडात खुपसली होती. बा दंड बांधून पुन्हा काट्यावर उभा राहिला. त्यानं उलटा हात कधी उचलला नाही. माझा संताप त्याच्याकडून आलेला नाही, तो आईकडून आला आहे. आई बोलायला लागली की शेजारच्या म्हशीसुद्धा रवंथ थांबवायच्या.

आमच्याकडचा कापूस तेव्हा जपानला जायचा. दरवर्षी दिवाळीनंतर तिकडचा एक खरेदीदार जिनात येऊन राहायचा. ठेंगणा, पांढऱ्या कपड्यातला, चष्मेवाला. रुईची बट दोन्ही अंगठ्यांत धरून हळूच ओढायचा आणि धाग्याची लांबी डोळ्यांनीच मोजायचा. त्याला हिंदीचे चार शब्द येत, बाला पाच. तेवढ्यावर दोघांचं चांगलं जमलं होतं. बानं त्याला आमच्या घरचा ठेचा खाऊ घातला, तेव्हा तो ढसाढसा रडला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मागायला आला. त्याला सगळे जपानी साहेबच म्हणायचे.

जिनाच्या आत छताशी एक लांबलचक लोखंडी दांडा गरगर फिरायचा आणि त्यावरून चामड्याचे पट्टे खाली यंत्रांना जायचे. त्या पट्ट्यांनी आमच्या डोळ्यांदेखत माणसं नेली होती. एका बाईचा केसांसकट पदर गेला होता. तिचं पुढं काय झालं ते मी सांगत नाही. तर साहेब एका दुपारी यंत्राखालची मूठभर रुई काढायला वाकला आणि पट्ट्यानं त्याच्या कोटाची बाही धरली. बा त्याला बोलवायला आत आला होता. त्यानं एका हातानं साहेबाची बाही ओढून फाडली आणि दुसरा हात पट्टा आणि चाकाच्या मधे घातला. साहेब फाटक्या बाहीनिशी रुईत उताणा पडला. बाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट पट्ट्यानं नेलं.

रुई लाल झाली. यंत्रावरच्या बाया किंचाळत बाहेर पळाल्या. हमालांनी बाचा हात धोतराच्या सोग्यात आवळून धरला, तरी कोपरापर्यंत रक्त वाहत होतं. बोटं शोधली, पण सापडली नाहीत. ती रुई कुणी बाजूला काढली, की तशीच गाठीत दाबली गेली, देव जाणे. आई पुढं कित्येक वर्षं म्हणायची की बाची दोन बोटं जपानात गेली आणि त्या बदल्यात डबी आली.

हंगाम सरल्यावर साहेब आमच्या घरी आला. उंबऱ्याशी गुडघे मोडून बसला, जमिनीला कपाळ टेकलं आणि दोन्ही हातांनी ती डबी बापुढं धरली. डबी त्याची स्वतःची, वापरातली होती. तिला त्याच्या तंबाखूचा वास येत होता. बा इतका ओशाळला की त्यानंही कपाळ टेकलं. दोन प्रौढ माणसं एकमेकांसमोर अशी ओणवी झालेली पाहून मी खुदखुदले आणि आईनं मला चिमटा काढला. साहेब त्या वर्षी गेला तो पुन्हा आला नाही.

आता आमच्याकडची रीत सांगते. भांडं घरात आलं की आधी कासाराकडे जातं. कासार छिन्नी-हातोडीनं ठिपक्या-ठिपक्यांनी त्यावर नाव घालतो. आहेराचं असेल तर देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचंही. लग्नकार्यात शंभर घरांची भांडी एका चुलीवर चढतात आणि नावानंच परत जातात. नाव नसलेलं भांडं म्हणजे बेवारशी, आणि दुसऱ्याच्या नावाचं भांडं तुमच्या फळीवर दिसलं तर तुम्ही ते लांबवलं, हे ठरलेलं. आमच्यात भांड्यावर नावाखेरीज दुसरं काही ठोकलेलं असू शकतं, हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

आई बाला घेऊन रिसोडच्या बाजारात कासाराकडे गेली. कासारानं डबी उलटी केली, बुडावरची अक्षरं पाहिली आणि म्हणाला, यावर आधीच नाव आहे, ते मोडून तुमचं घालू का? बानं डबी त्याच्या हातातून काढून घेतली. देणाऱ्याचं नाव मोडायचं नाही आणि त्याच्या शेजारी आपलं नाव घालून त्याची बरोबरीही करायची नाही, असं त्याचं म्हणणं. आईनं वाटभर बडबड केली, पण बा ऐकेना. झाकणावरची तीन पानं तिला बेलाची वाटली, म्हणून तिनं डबी देवांपाशी ठेवली. दर सोमवारी तिलाही हळदकुंकू लागायचं.

मग माझं लग्न ठरलं. सासर रिठदच्या अलीकडच्या एका गावात, घर चांगलं जमीनदाराचं. आमच्यासारख्यांना ते स्थळ मिळालं याचं कारण असं, की नवरदेव तापट म्हणून पंचक्रोशीत नावाजलेला होता आणि कुणी पोरगी देत नव्हतं. बाला वाटलं, आपली पोरगीही काही कमी नाही, फिट्टंफाट होईल. आंदणात काय द्यायचं हा प्रश्न आला तेव्हा बानं देवांपुढची डबी उचलली. आई नको म्हणत होती. बा म्हणाला, घरात याहून मोलाचं काही नाही आणि पोरीहून मोलाचं कुणी नाही.

अक्षता पडल्या. जेवणाआधी आंदणाची भांडी घोंगडीवर मांडली आणि रीतीप्रमाणे सासरकडचा एक वाचता येणारा माणूस एकेक उचलून नाव पुकारू लागला. परात, घागर, गंगाळ. मग त्यानं डबी उचलली, उलटी केली, सुलटी केली, पुन्हा उलटी केली. माझ्या सासऱ्यांनी ती त्याच्या हातातून घेतली. इतकी वर्षं झाली, तरी मी सवयीनं अहोजाहोच करते.

"कोनाचं नाव हाय हे?" त्यांनी विचारलं.

"साहेबाचं," बा म्हणाला. त्यात लपवण्यासारखं काय आहे, असं त्याला वाटलं.

"नाव साहेबाचं, मंग डबी तुयी कशी?"

बानं सगळं सांगितलं. पट्टा, बाही, साहेबाचं घरी येणं. खात्री पटावी म्हणून त्यानं तीन बोटांचा हात सगळ्यांसमोर वर केला. जिनाच्या मॅनेजरला विचारा, असंही म्हणाला. सासरे त्या हाताकडे बघून हसले आणि म्हणाले, "चोराची बोटं काहून गेली ते आता समजलं."

पुढचं फार भराभर झालं. माझ्या मामानं नाव पुकारणाऱ्याची गचांडी धरली. कुणीतरी मांडवाची मेढ उपटली. नवरदेवाच्या चुलतभावाचे दात पडले, ते मी माझ्या पायाशी पडलेले पाहिले. कढीचा हंडा लवंडला आणि पंगतीला बसलेल्या एका म्हाताऱ्याची पोटरी सोलून निघाली. आईनं एकाच्या हाताला चावा घेतला होता आणि ती सोडत नव्हती. या सगळ्यात बा मात्र हात जोडून उभा होता आणि सासऱ्यांना शांत व्हा म्हणत होता. सासऱ्यांनी डबी मुठीत धरली आणि तिचा कोपरा त्याच्या कपाळात हाणला. एकदा हाणला, तो पडला, मग खाली वाकून पुन्हा हाणला.

कपाळाचं कातडं भुवईपासून केसांपर्यंत उघडलं होतं. बा हळदीच्या पाटाशी पडला होता आणि रक्त हळदीत मिसळून केशरी होत होतं. मी मुंडावळ्या तोडून फेकल्या आणि त्याच्यावर ओणवी झाले. त्याचे डोळे उघडे होते. तो मला म्हणाला, "डबी उचल बाई, कोनाच्या पायाखाली जाईन." डबी मी धुळीतून उचलली आणि ओटीत, तांदूळ-नारळाच्या शेजारी ठेवली. अक्षता पडलेल्या असल्यामुळे मी त्यांची झालेली होते. मला दमणीत, त्यांच्या बैलगाडीत, घातलं आणि बाला सांगितलं की पुन्हा आमच्या गावात पाय ठेवशील तर उरलेली बोटंही जातील.

सासरी गेल्यावर सासूबाईंनी ओटी सोडली आणि रक्तानं चिकटलेले तांदूळ पाहून त्यांना घेरी आली. त्या डबी विहिरीत टाका म्हणाल्या. सासऱ्यांनी तसं केलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ती ओसरीच्या कोनाड्यात, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी ठेवली. पाहुणा आला, पाणी प्याला की ते डबी खाली काढायचे, बुडाची अक्षरं दाखवायचे आणि सांगायचे की आमच्या इवायानं साहेबाच्या घरून उचलून लेकीच्या आंदणात दिली. त्यांच्या लेखी इवाई म्हणजे व्याही हा शब्दच शिवी झाला होता. मी आत चुलीपुढं बसून ते ऐकायची. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. राख घेऊन ती डबी घासायचं काम माझ्याचकडे होतं आणि मी ती इतकी घासायची की ओसरीत कुठूनही चकाकावी. चेपलेल्या कोपऱ्यातला काळा डाग मात्र मी घासला नाही.

नवऱ्याचं आणि माझं पहिल्या वर्षातच ठरून गेलं. त्यानं एकदा भाजीत मीठ जास्त म्हणून मला लाथ घातली आणि चोराची अवलाद म्हणाला. मी चुलीजवळची फुंकणी उचलली आणि त्याच्या नडगीवर मारली. तो आठवडाभर लंगडत शेतावर गेला आणि विचारणाऱ्याला बैलानं मारलं म्हणून सांगत राहिला. पुन्हा त्यानं हात उचलला, पुन्हा मी फुंकणी काढली. हळूहळू त्याला कंटाळा आला. माणूस मुळात वाईट नव्हता, बापापुढं मात्र शेळी होता.

इकडे वाशिमला मांडवातली गोष्ट बंड्यांबरोबर पोचली. पुढच्या हंगामात काट्यावर उभ्या असलेल्या बाला शेतकरी म्हणू लागले की चोराच्या हातचं माप आम्ही घेत नाही. एका सकाळी चौघांनी त्याला काट्याच्या पारड्यात बसवलं, साखळ्यांनी बांधलं आणि चोराचं वजन किती भरतं ते बघू म्हणून सरकीच्या पोत्यांनी तोललं. जिनात हसण्याचा कल्लोळ झाला. मॅनेजरला खरं काय ते ठाऊक होतं, पण बंड्या शेजारच्या जिनाकडे वळायला लागल्या होत्या. त्यानं बाला काट्यावरून काढलं आणि हमालीवर घेतलं. तीन बोटांच्या हातात आकडा धरून बा गाठी ओढायला लागला. हे सगळं मला आईनं सांगितलं, तेही लपूनछपून, देवीच्या जत्रेत गाठ पडली तेव्हा. मला माहेरी पाठवत नव्हते. पहिल्या बाळंतपणालासुद्धा पाठवलं नाही, आणि ते बाळ जगलं नाही. त्या वेळी माझी आई जवळ असती तर ते जगलं असतं, असं मला अजून वाटतं.

जपानशी लढाई सुरू झाली तेव्हा आमच्या घरात एक गंमत झाली. जिकडेतिकडे पोलीस फिरत होते. तारा तोडल्या म्हणून शेजारच्या गावातल्या तरुणांना चावडीपुढं उघडं करून फोडून काढलं होतं. एकाच्या तळपायांची सालं गेली होती आणि तो गुडघ्यांवर रांगत घरी आला होता. अशात कुणीतरी पिल्लू सोडलं की जपानी वस्तू सापडली तर फितूर म्हणून नेतात. शिपायांचे घोडे वेशीत दिसले आणि सासऱ्यांची बोबडी वळली. त्यांनी कोनाड्यातली डबी ओढून माझ्या अंगावर टाकली आणि म्हणाले, "तुया बापाची हाय, तूच सांभाळ." मी ती ज्वारीच्या कणगीत पुरली. शिपाई आले, ताक प्याले आणि गेले. दोन दिवसांनी डबी पुन्हा कोनाड्यात गेली आणि पुन्हा चोरीची झाली. त्या दिवशी मला फक्त हसू आलं. त्यांच्या तोंडून काय निसटलं ते माझ्या ध्यानात यायला आणखी काही वर्षं जायची होती.

लढाई संपली. गावातला एक जण पलटणीत गेला होता. ब्रह्मदेशात त्याचा एक कान गोळीनं गेला होता, आणि नंतर त्याच्या पलटणीला जपानात पहाऱ्यावर ठेवलं होतं. तो परत आला तेव्हा सासऱ्यांना भेटायला ओसरीवर आला. जळून राख झालेली शहरं, राखेत भांडी शोधणाऱ्या बाया, असलं सगळं सांगत होता. सांगता सांगता त्याची नजर कोनाड्याकडे गेली. तो उठला, डबी काढली, उलटी केली आणि म्हणाला, ही तिकडची आहे. सासऱ्यांनी सवयीनं तोंड उघडलं आणि ते चोरीचं पुराण सांगितलं. तो ऐकत होता आणि बुडाकडे बघत होता. मग काही न बोलता घरी गेला आणि एक चमचा घेऊन आला. तिकडे एका दुकानदाराकडून त्यानं बायकोसाठी घेतला होता.

मी दाराआड होते. त्यानं मला बाहेर बोलावलं आणि डबी आणि चमचा माझ्यापुढं घोंगडीवर पालथे ठेवले. चमच्याच्या दांड्यामागं तीच दोन अक्षरं होती. काडीला काडी, तीच.

"हे कोनाचं नाव नाही वहिनी," तो म्हणाला. "तिकडे चांदीच्या जिनसीवर हे ठोकतेत. अस्सल चांदी हाय, येवढंच म्हन्ते ते."

चौकटीतली बारीक खूण बहुतेक घडवणाऱ्या कारागिराची असेल, असं तो म्हणाला. आणि झाकणावरची तीन पानं बेलाची नव्हेत. तिकडे प्रत्येक कुळाची अशी एक खूण असते, ती अंगरख्यावर, घराच्या कौलांवर, सगळीकडे असते. आपलं जसं देवक असतं, तसं ते. असली वस्तू माणूस कुणालाही देत नाही, आणि चोरानं नेली तर गावभर बोंब होते, असंही तो म्हणाला.

मी खाली बसले. माझ्या बापानं साहेबाचं नाव समजून ती अक्षरं जपली होती. माझ्या सासऱ्यांनी साहेबाचं नाव समजून त्याच अक्षरांसाठी त्याचं डोकं फोडलं होतं. आणि ते नावच नव्हतं. मला रडूही येईना. मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते बाजेवर बसून सुपारी कातरत होते आणि त्यांचे हात थांबले नव्हते.

मी म्हटलं, मामाजी, चावडीवर माणसं बोलवा आणि हे सगळ्यांना सांगा. मांडवात होते ते सगळे बोलवा. ते म्हणाले, ठेव ते कोनाड्यात आणि आत जा. मी हलले नाही. नवरा गोठ्यातून आला आणि दारातच थांबला. पलटणीतला तो माणूसही म्हणाला की काका, सांगून टाका, आता पुरावाच आहे. तेव्हा सासऱ्यांनी अडकित्ता खाली ठेवला.

"पुराव्याचं काय कवतिक सांगून राह्यला मले?" ते म्हणाले. "मले तं पुढच्याच हंगामात समजलं होतं. कापूस घेऊन जिनात गेलो तवा मॅनेजरनं सांगतलं, साहेबानं आपल्या हातानं देल्ली म्हून. पन चार लोकांत चोर म्हनलं होतं. आता माघार कशी घ्याची? इज्जतीचा सवाल होता."

मला कणगी आठवली. तुया बापाची हाय, असं ते म्हणाले होते. हा माणूस जाणून होता. बाला काट्यावर तोलला तेव्हा जाणून होता, माझं बाळ गेलं तेव्हा जाणून होता, आणि दर पाहुण्याला डबी दाखवताना जाणून होता. माझ्या अंगात तेव्हा काय शिरलं ते मला सांगता येतं, कारण ते अजून आहे. तो शुद्ध संताप होता, त्यात दुसरं काहीही नव्हतं. मी घोंगडीवरची डबी उचलली आणि तिचा धड असलेला कोपरा त्यांच्या कपाळात घातला.

ते बाजेवरून खाली आले. पागोटं सुटून रक्तात पडलं. मी दुसऱ्यांदा हात उचलला होता आणि मी तो खाली आणला असता, पण पलटणवाल्यानं माझं मनगट धरलं. सासूबाईंचा हंबरडा ऐकून गल्ली गोळा झाली. काय झालं, काय झालं, म्हणून सगळे विचारत होते. मी रक्ताची डबी हातात धरून सगळ्यांना सांगितलं, एकही शब्द न गाळता. मग सगळे सासऱ्यांकडे बघायला लागले. ते जमिनीवर बसून कपाळाला धोतर दाबत होते. त्यांनी नाही म्हटलं नाही.

नवरा माझ्याकडे आला तेव्हा मला वाटलं, आता आपली धडगत नाही. त्यानं आधी बापाच्या कपाळावर ओलं फडकं बांधलं. मग गोठ्यात जाऊन बंडी जुंपली आणि मला म्हणाला, "बस. तुया बापाकडं चाल." मालेगावच्या फाट्याशी बैलांना पाणी पाजताना त्यानं माझ्या हातावरचं रक्त धुवायला तांब्या दिला. पुढं सासरे पुष्कळ वर्षं जगले, मीच त्यांचं केलं. कोनाडा मात्र रिकामा राहिला.

बा अंगणात बसला होता. फार वाळला होता. कपाळावरचा वण सुरकुत्यांत मिसळला होता, पण केसांत जाणारी रेघ अजून पांढरी होती. मी डबी त्याच्या मांडीवर ठेवली आणि सगळं सांगितलं, चमच्यापासून कपाळापर्यंत. दुसरा चेपलेला कोपरा तो अंगठ्यानं चाचपत राहिला. मी केलं ते बरं केलं असं तो म्हणाला नाही, वाईट केलं असंही म्हणाला नाही. झाकणावरच्या पानांचं ऐकलं तेव्हा मात्र त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "त्यानं आपलं देवक देल्लं मले," तो म्हणाला. "अन् मी त्याच्या नावाची जागा राखत बसलो."

मग तो उठला आणि म्हणाला, चला कासाराकडे, आता तिथं कोणाचं नाव नाही. आम्ही तिघं गेलो. कासारानं नाव कुणाचं घालायचं विचारलं. मी बाचं सांगितलं, बानं माझं सांगितलं, आणि शेवटी माझा नवरा म्हणाला की बाप-लेकीचं दोघांचं घाल. कासारानं डबी पालथी केली आणि दोन अक्षरांच्या शेजारची मोकळी जागा पुसली. चांदी जड होती, घसरत होती, म्हणून बानं आपल्या तीन बोटांच्या हातानं ती घट्ट धरली. कासारानं छिन्नीवर हातोडी मारली, पहिला ठिपका उमटला आणि बानं डोळे गच्च मिटून वणाचं कपाळ मागं घेतलं. दुसऱ्या ठिपक्यालाही त्यानं तेच केलं. नाव बरंच लांब होतं आणि प्रत्येक घावाला तो तसाच दचकत होता, पण त्यानं डबी सोडली नाही.